दिसलं म्हणणारी चाळीस माणसं

मी दुर्बीण. सहा इंची आरशाची, चार फूट लांब, पांढऱ्या नळीची. आज तोंड उघडते आहे, कारण कासुर्डीच्या त्या संध्याकाळी माझ्याजवळ आलेल्या चाळीस माणसांपैकी एकानंही खरं सांगितलं नाही. आणि जिला खरं माहीत होतं तिला, म्हणजे मला, कुणी विचारलं नाही.

मोनालीला वाटलं होतं, लोक माझ्यात डोकावतील आणि एकदम गप्प होतील. मग कुणीतरी हळूच म्हणेल, "हे सगळं एवढे दिवस आपल्या डोक्यावर होतं?" प्रश्नांवर प्रश्न येतील. एखादी मुलगी घरी जाऊन जेवायचं विसरेल. हे सगळं तिनं मला ग्लासगोत, माझ्याभोवती फुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळता गुंडाळता सांगितलं होतं. झालं ते असं: लोक रांगेत आले, वाकले, "लई भारी" म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

पण ते पुढचं. आधी माझी थोडी ओळख.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या तळाशी एक वाटोळा आरसा आहे आणि तोंडाशी एक छोटा तिरका. उजेड उघड्या तोंडातून आत येतो, तळाच्या आरशावरून उलटा फिरतो आणि तिरक्या आरशावरून बाजूच्या भोकातून बाहेर पडतो. म्हणजे माझ्यात बघायचं ते बाजूनं. हे कुणाला पटत नाही. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण माझ्या बुडाशी डोळा लावतो.

त्या बाजूच्या भोकात भिंगाची एक छोटी डबी बसते. तिला आयपीस म्हणतात. चित्र किती मोठं दिसायचं ते ती ठरवते. माझ्यासोबत पंचवीस आकड्याची एक डबी आली होती. तिचं भिंग रुंद, स्वभाव शांत. चष्म्यासकट डोळा लावला तरी तिची तक्रार नसे.

मोनालीनं मला ग्लासगोत शिकायला असताना घेतलं. मुलगी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, वडील रोहिदास रेल्वेत पॉइंट्समन. ती खगोलशास्त्र शिकायला एवढ्या लांब गेली आणि पोचली अशा गावी, जिथे आकाश म्हणजे ढगच. आकाश झाकलेलं असलं की हौशी माणसं आकाश बघायच्या वस्तूंबद्दल वाचत बसतात. मोनालीनंही दोन हिवाळे तेच केलं.

त्या वाचनातून माझं स्टँड आलं. तीन पाय, दोन तिरके आस, एका बाजूला लोखंडी वजन आणि एक मोटर. पृथ्वी फिरते तसं मला हळूहळू उलटं फिरवायचं, म्हणजे तारा नजरेतून निसटत नाही. मोठं हुशार यंत्र. फक्त त्याच्यावर मी वळले की माझं बाजूचं भोक भलतीकडे जातं. कधी माणसाच्या डोक्यावर, कधी पलीकडे, कधी थेट माझ्या पोटाखाली.

त्याच वाचनातून दुसरी डबी आली. चार आकड्याची. आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं, आणि ही तर तीनशे पट मोठं करायची. पण तिचं भोक डाळीच्या दाण्याएवढं. पापण्या काचेला टेकेपर्यंत डोळा जवळ न्यायचा, श्वास धरायचा आणि नशीब असेल तर काहीतरी थरथरताना दिसायचं. मोनाली तिला माझी राणी म्हणायची. पंचवीसची डबी खोक्याच्या तळाला गेली.

शिक्षण संपलं तेव्हा मोनालीला तिथंच पुढच्या संशोधनाची जागा मिळाली. तिनं महिनाभराची मुदत मागून घेतली आणि मला घेऊन घरी आली. पुणे-दौंड गाडीत एका मावशींनी मला पायानं जरा सरकवून विचारलं, "बोअरचा पाइप का गं?" मोनालीनं त्यांना दौंड येईपर्यंत आकाशगंगा समजावून सांगितली. उतरताना मावशी म्हणाल्या, "चांगलाय. पाणी लागलं की कळव."

घरी पप्पांशी तिचा रोज वाद. मोनाली म्हणायची, "पप्पा, मला इथंच राहायचंय. शिरूर आणि दौंड तालुक्यातलं एकेक गाव घ्यायचं. प्रत्येक माणसाला आकाश दाखवायचं. ते सगळ्यांच्या मालकीचं आहे."

"मालकीचं हाय ना? मग कुठं पळून चाललंय?" रोहिदास म्हणायचे. "आमी धा गावांत वर्गणी काढून तुला पाठवली न्हाई, पर पोटाला चिमटा काढला. तिकडं जागा मिळतीया आन् हितं तू पाइप घिऊन हिंडणार?"

शेवटी ठरलं. कासुर्डीला, मोनालीच्या आजोळी, रविवारी एक कार्यक्रम करून बघायचा. लोकांना खरंच काही वाटलं, तर ती राहणार. नाही वाटलं, तर सोमवारी ग्लासगोला होकार कळवायचा आणि मला पुण्याच्या एखाद्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाला देऊन टाकायचं. माझं काय व्हायचं तेही त्याच संध्याकाळवर टांगलेलं होतं.

जानेवारी महिना. विहारासमोरचं मोकळं मैदान. साडेसात वाजले होते आणि पूर्वेला गुरू ग्रह असा झळकत होता की दिवा लावायची गरज नव्हती. मोनालीनं मला स्टँडवर चढवलं, गुरूवर रोखलं, राणी डबी बसवली, मोटर चालू केली. माझं भोक त्या दिवशी नेमकं पोटाखाली गेलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर, जमिनीकडे तोंड करून.

"रांगेत या. चष्मा काढा. एक डोळा मिटा. श्वास धरा. आणि हात लावू नका, बिलकूल हात लावू नका!"

पहिला मान दत्ताआप्पांचा. गावातलं वजनदार माणूस, मानेला पट्टा. ते वाकायला लागले आणि निम्म्यात अडकले. पडायला नको म्हणून त्यांनी जे हाताशी आलं ते धरलं. ती मी होते. मी एक वीतभर सरकले आणि गुरू माझ्यातून गेला.

"दिसलं का आप्पा?"

आप्पांनी दोन्ही डोळे मिटलेले होते. "व्हय व्हय. लई भारी," ते म्हणाले आणि कंबर धरून उठले.

त्यानंतर मोटर मला अगदी बिनचूक फिरवत राहिली. अंधारातून अंधाराकडे.

एकामागून एक माणूस आला. रांजणगावच्या कंपनीत जाणारा सुमित माझ्या तोंडातून आत वाकून बघायला लागला आणि स्वतःचाच डोळा परातीएवढा दिसल्यावर दचकून मागं झाला. नकुशीकाकूंनी चष्मा काढला. मग त्यांना डबीचं भोकच सापडेना, तर गुरू कुठून सापडणार. सगळे सरळ उभे राहिले की मोनाली डोळे चमकवत विचारायची, "दिसलं ना?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "दिसलं."

सुमित तर म्हणाला, "ताई, एकदम एचडी!"

मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला कंठ नाही, आणि मोनाली माझ्यात बघायला तयार नव्हती. ती बाजूला उभी राहून हिरव्या लेझरनं गुरू दाखवत होती, गुरूच्या चार मोठ्या चंद्रांबद्दल बोलत होती. लोक दिसलं म्हणत होते. मग तिनं कशाला तपासायचं? मधूनमधून ती फक्त एवढंच ओरडायची, "हात लावू नका हं!"

शेवटी आली झुंबरबाई. मोनालीच्या आईची मावशी. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात शेवंती तोडून पाठीला बाक आलेला. त्या दिवशीचे फुलांचे रिकामे क्रेट मैदानाच्या कडेलाच रचलेले होते. ती वाकली, क्षणभर थांबली आणि काही न बोलता बाजूला झाली.

गर्दी पांगून पोह्यांकडे गेली होती. मोनाली वडिलांकडे वळली. "बघितलंत पप्पा? चाळीस माणसं! आता तरी पटलं?" आणि आनंदाच्या भरात, गुरूवर रोखल्यानंतर पहिल्यांदाच, तिनं स्वतः माझ्यात डोळा लावला.

काळं. नुसतं काळं.

तिनं डबी पुसली. पुन्हा बघितलं. मग माझ्या नळीला गाल लावून सरळ रेषेत आकाशाकडे पाहिलं. गुरू एकीकडे होता आणि मी भलतीकडे.

"आजी," ती झुंबरबाईकडे वळली, "तुम्हाला काय दिसलं?"

"मला? माझीच पापणी."

"मग सगळे दिसलं का म्हणाले?"

"आप्पा दिसलं म्हणले. मग आप्पांना दिसलं आन् आपल्याला न्हाई, आसं कोण म्हणंल? आन् तू एवढ्या लांबनं आलीस, मोने. तुझं तोंड बघून न्हाई म्हणवंना कुणाला."

मोनाली मैदानात खालीच बसली. "म्हणजे चाळीस माणसांनी माझी समजूत काढली."

"मंग काय करतील? वाकायला लावलंस. चष्मा काढायला लावलास. श्वास बी घिऊ दिना." झुंबरबाईनं पदर खोचला. "आन् हात लावू नका, हात लावू नका, किती येळा म्हणलीस? तुझ्या पणज्याला हिरीवर आसंच म्हणायचे. तू तसं म्हणली न्हाईस, मला म्हाईत हाय. पर कानाला तेच आलं."

आकाश सगळ्यांचं आहे असं महिनाभर घरात ओरडणारी मुलगी तिथं मान खाली घालून बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रोहिदासांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता म्हणतील, चल, सोमवारी होकार कळव. ते म्हणाले, "पाना हाय का? ह्याचा नट कुठला?"

त्यांनी मला स्टँडवरून उतरवलं. मोनाली उठली. तिनं क्रेट आणून एकावर एक ठेवले, त्यावर पोत्याची वळकटी टाकली आणि मला तिच्यावर तिरकं, तोंड वर करून टेकवलं. राणी डबी काढली. खोक्याच्या तळातून पंचवीसची डबी शोधून बसवली. गुरू सापडल्यावर आणखी एक क्रेट उलटा करून ठेवला.

"आजी, बसा. चष्मा राहू द्या. आणि हिला धरा, दोन्ही हातांनी. गार आहे जरा, पण चावत नाही."

झुंबरबाई बसली. शेवंतीच्या देठांनी हिरवे झालेले तिचे हात माझ्या नळीवर आले. इतक्या दिवसांत मला असं कुणी धरलं नव्हतं. मी हलले, पण या डबीत आकाशाचा तुकडा एवढा मोठा होता की हललं तरी चालत होतं.

"न्हाई दिसत," झुंबरबाई म्हणाली.

मोनाली हसली. डोळे भरलेले असताना हसली. "हे चाक फिरवा. हळू. तुमच्या डोळ्याला बरं वाटेल तिथं थांबा."

चाक फिरलं. एकदा जास्त झालं, परत मागं आलं.

"अगं बया बया." झुंबरबाईनं श्वास घेतला आणि मग बराच वेळ ती बोललीच नाही. "मधी माय हाय. आन् बाजूला पोरं. एक... दोन... तीन... चार. एका रांगंत. चारी तिचीच का?"

"चारही तिचीच."

"आन् ही सरकतीया की गं."

"ती नाही, आपली पृथ्वी फिरतेय. हिला ढकला. हळूच ढकला, पुन्हा मधे येईल."

झुंबरबाईनं मला ढकललं. गुरू पुन्हा मधे आला. तीनशे पट नव्हता, पन्नास पटसुद्धा नव्हता. एक छोटी पिवळसर टिकली आणि चार ठिणग्या. तिनं बघणं काही सोडेना. पोहे खाऊन माणसं पुन्हा मागं जमली होती. शेवटी रोहिदास म्हणाले, "मावशे, उठ की आता. बाकीच्यांनी काय रातभर हुबं ऱ्हायाचं?"

"तू वाकून बघ. तुला कुठं माझ्यासारखी पाठ हाय," ती डोळा न काढता म्हणाली.

तर माझं सांगणं एवढंच. दुर्बीण घेणार असाल तर आधी किती पट मोठं दिसतं ते विचारू नका. बसून बघता येतं का ते विचारा. चष्मा राहतो का ते विचारा. घरातल्या सगळ्यात वाकलेल्या माणसाला आधी बसवून बघा. आणि माझ्यापाशी आलात आणि काही दिसलं नाही, तर कृपा करून माझ्या मोनालीचं मन राखू नका. न्हाई म्हणा. तिला आता तेच ऐकायला आवडतं. गेल्या महिन्यात शिरूरला मार्केट यार्डामागं आम्ही गेलो, तेव्हा पहिल्या तासात नऊ जण न्हाई म्हणाले आणि ती नऊ वेळा खूश झाली.

आता सोमवारच्या सकाळचं सांगते आणि थांबते.

रात्र आम्ही आजोळीच काढली होती. मोनाली उजाडताच उठली. चहा व्हायच्या आत तिनं ग्लासगोला चार ओळी लिहिल्या: आभार, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी, स्टँड आणि मोटर विभागाला पाठवते आहे, विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. रोहिदासांनी ते वाचून फोन परत दिला आणि ड्यूटीची पिशवी उचलली. दारातून म्हणाले, "पोपटमिस्त्रीला सांगून ठेवतो. सागवान नको घेऊ, लई जड. प्लायवूड घे."

दहा वाजता पोपटमिस्त्री कासुर्डीत हजर. कानाला पेन्सिल, हातात टेप. जमिनीवर ठेवायची, गोल फिरणारी साधी लाकडी पेटी बनवायची, तिच्यात मी वरखाली डुलणार, एवढं त्यांना लगेच कळलं.

"उंची किती ठिवायची, ताई? तुमच्या मापानं काढू का?"

"नाही," मोनाली म्हणाली. तिनं मिस्त्रींचा टेप घेतला आणि शेवंतीच्या वाफ्यात क्रेटवर टेकलेल्या झुंबरबाईकडे निघाली. "आजी, जरा सरळ बघा. तुमचा डोळा जमिनीपासून किती वर येतो ते घेऊ दे."