तिसऱ्या पाळीचा शब्द

रोपवेच्या खालच्या स्टेशनवर रोज सकाळी सातला तपासनीस बाई रिकामे पाळणे फिरवायची, चाकांचा आवाज ऐकायची आणि नोंदवहीत एक शब्द लिहायची. शब्द चारच ठरलेले. नेहमीप्रमाणे, किंचित वेगळे, विचित्र, विपरीत. पहिल्या दोहोंपैकी काही लिहिलं तर पाळणे चालू. विचित्र लिहिलं तर पाळणे हळू चालवायचे आणि दुपारपर्यंत मेकॅनिकला बोलवायचं. विपरीत लिहिलं की सगळं जागच्या जागी बंद, वर चौकशी.

आता विपरीत लिहायला छाती लागते हो! सोळा वर्षांत एकाच माणसाने लिहिलं होतं, आणि उघडून बघतात तर चाकात पक्ष्याचं घरटं. बिचाऱ्याला निवृत्त होईपर्यंत सगळे ‘घरटेसाहेब’ म्हणत राहिले. त्यानंतर त्या शब्दाच्या वाटेला कोणी म्हणून गेलं नाही.

बाईचा नवरा वरच्या स्टेशनवर कामाला होता. आठचा पहिला पाळणा त्याला आणि आणखी दोघांना घेऊन जायचा. ‘मिस्टर कुठायत?’ असं कोणी नव्याने विचारलं की ही म्हणायची, “वर गेलेत, सहाला येतील.” समोरचा दचकायचा आणि ही खुशाल हसायची.

त्या शुक्रवारी मात्र तिचं हसू पार पळालं. बहिणीचं घर हलवायचं म्हणून दोन दिवस रजा काढून ती कामावर आली होती. मोटर सुरू केली आणि तिसऱ्या चाकापाशी तिचे कान टवकारले. टक् टक्. चाक एक फेरा घ्यायचं, पुन्हा टक् टक्. लोखंडाच्या आत काहीतरी सुटल्यासारखा आवाज.

तिने वही उघडली. गुरुवारच्या सकाळ-दुपार दोन्ही पाळ्या, नेहमीप्रमाणे. बुधवारच्या दोन्ही, नेहमीप्रमाणे. म्हणजे हे सगळे कानात बोळे घालून बसले होते की काय? तणतणतच तिने पान उलटलं. मंगळवार सकाळ, नेहमीप्रमाणे. खाली सही तिचीच.

मग तिला सगळं आठवलं. सोमवारी चाक फेऱ्याला एकदाच टक् करत होतं. तिने ‘किंचित वेगळे’ लिहिलं होतं. दुपारच्या पाळीवाल्यानेही तेच लिहिलं. आणि इथली रीत अशी, की दोन पाळ्या सलग तेच लिहिलं गेलं तर तिसऱ्या पाळीने ते नेहमीचं धरायचं. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. साहेब एकदा खेकसले होते, “रोज रोज तेच लिहिता, मग त्यात वेगळं काय राहिलं?” तेव्हापासून ती रीत पडली. बोलणं पटण्यासारखंच होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. मंगळवारी तिने मुकाट ‘नेहमीप्रमाणे’ लिहिलं आणि ती रजेवर गेली. पुढच्यांनी आवाज फक्त आदल्या पाळीशी ताडून पाहिला. दुसरं टक् हळूहळू ठळक होत गेलं, आणि एकाचे दोन कधी झाले, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

घड्याळात आठला वीस कमी होते. नवरा मांडीवर डबा घेऊन पाळण्यात बसलासुद्धा होता.

“काय ताई, लिहिलंत का?” मुकादम आत डोकावला.

“दादा, तिसरं चाक ऐका जरा.”

त्याने ऐकलं. “हे होय? हे तर रोजचंच.”

“सोमवारी एक टक् होतं. आता दोन आहेत.”

मुकादमाने डोकं खाजवलं. “बरं, मग विचित्र लिहा. हळू चालवू. मेकॅनिक बारापर्यंत येईल. तुमचंही राहील, माझंही राहील. उगाच घरटेबाई व्हायची हौस आहे का?”

खरं सांगायचं तर तिला ते पटत होतं. हळू चालवलं तर काय होतंय? आणि नाहीच काही निघालं तर जन्मभर तोंड लपवत फिरायचं. तेवढ्यात पाळण्यातून नवरा ओरडला, “अगं, लिही की काहीतरी! आठ वाजत आले!”

तिने पेन टेकवलं. ‘वि’ लिहून झालं. तिथवर दोन्ही शब्द सारखेच होते. पुढचं अक्षर लिहिताना तिने पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर वळ उमटला. तिने ‘विपरीत’ पुरं केलं आणि मुकादम हां हां म्हणेपर्यंत लाल दांडा खाली ओढला.

दोन तास तिने जीव मुठीत धरून काढले. रांगेतले लोक बडबडत निघून गेले. साहेबांचा तीनदा फोन आला. नवरा खाली उतरून फुरंगटून बसला होता.

पावणेदहाला मेकॅनिकने चाक सोडवलं आणि आस बाहेर काढला. चहूबाजूंनी तडा गेला होता. मध्ये बोटाच्या पेराएवढं लोखंड काय ते धड होतं. मेकॅनिकचा चेहरा उतरला. “आज हा मोडलाच असता,” तो म्हणाला. “हळू काय नि जोरात काय.”

मग काय, एकच गलका! मुकादमाने तिच्यासाठी खुर्ची आणली. नवऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. येईल त्याला तो सांगत सुटला, “माझी बायको! बघा, जीव वाचवला आमचा!” त्याचे डोळे भरून आले होते. तिला ते बघवेना.

मेकॅनिक तडा निरखत होता. “आतून गंज धरलाय. हा आजचा नाही, चार-पाच दिवसांचा तरी आहे. आधी कोणाला कसं कळलं नाही?”

“ही रजेवर होती ना!” नवरा म्हणाला. “ही असती तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.”

मुकादमाने तिला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. वही त्याने हळूच मिटलीही होती.

“मी होते,” बाई म्हणाली. “मंगळवारी मीच नेहमीप्रमाणे लिहिलं.”

नवरा बोटं मोजत राहिला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सकाळी वर, संध्याकाळी खाली. सहा फेऱ्या.

“तुला तेव्हा ऐकू येत होतं?”

“येत होतं.”

“मग?”

“सवय झाली होती हो,” ती म्हणाली. “एका दिवसात.”

त्याने डबा उचलला आणि तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.