डोंगरावरचं टोपडं

जपानला लेकाकडे जाण्यात सरस्वतीबाईंचा नफा एकच होता, नातवंड. मलकापुरातल्या गल्लीत तसं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. दर रविवारी फोनवर "काही गोड बातमी?" विचारूनही सून दीपमाला दाद देईना, तेव्हा वसुलीला माणसानं स्वतः निघालेलं बरं. पापड-कुरड्यांच्या खाली त्यांनी लेकाचं, कुलदीपचं, तान्हेपणीचं टोपडं नेलं. जगल्या-वाचल्या लेकराचं जुनेर नव्या लेकराला घालतात. तोंडानं काही बोलायलाच नको. सुनेच्या हातात नुसतं ठेवायचं. पण ठेवायला मुहूर्त सापडेना. टोपडं पर्समध्येच फिरत राहिलं, आणि आज डोंगरावरच्या जुन्या बुद्धमंदिरापर्यंत आलं.

"अजून चढाच लागते का बे?"

"आई, शेगावले दिवसभर रांगेत उभी राह्यतं तू," कुलदीप हसला.

"तिथं रांग सरकते तरी. या देवानं एवढा डोंगर काऊन गाठला?"

वळणावर, उंच झाडांखाली त्या थबकल्या. गुडघ्याएवढे दगडी देव ओळीनं उभे होते. तान्ह्या बाळाचे चेहरे, डोक्यावर लाल टोपडी, गळ्यात लाल लाळेरी, पायाशी भिरभिऱ्या. नवसाला पाळणा टांगणाऱ्या मुलखातल्या बाईला आणखी काय सांगायचं असतं?

पर्समधलं टोपडं एका उघड्या डोक्यावर चढलं.

"घे बाबा आगाऊ. आता तूही उधारी ठेवू नको. माह्या सुनेची कूस भर."

कुलदीप घाईनं पुढं झाला. "आई, काढ ते!"

"राहू द्या," दीपमाला त्याचा हात धरत म्हणाली.

"काऊन वं? काय झालं?"

"आई, हे देव लेकरं देत नाही. पोटातच गेलेली लेकरं सांभाळते." ती टोपड्याकडेच पाहत होती. "आमचं गेलं, पाचव्या महिन्यात. पोळ्याच्या सुमाराले. तवा इथं आलतो आम्ही. टोपडं घालाचं मले धाडस नाही झालं. बरं झालं, आजीनं घातलं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगाचंच होतं. पण फोन उचलला, का तुम्ही आधी गोड बातमी विचारा."

 सरस्वतीबाई वाकल्या. टोपड्याचे बंद त्यांनी घाईत बांधले होते. ते सोडून, हनुवटीला काचणार नाहीत असे पुन्हा बांधले.

परतल्यावर मलकापूरच्या ओट्यावर शेजारच्या वच्छलाबाई वाटच पाहत होत्या. "देलं का वो टोपडं सुनेले?"

"देवाले घातलं."

"मंग देवानं काय देलं?"

"सर्दी."

बाया खदखदून हसल्या. सरस्वतीबाईंनी हसू दिलं.

रविवारी त्यांनी सुनेला फोन लावला. "जेवली का माय?" एवढंच विचारलं. पलीकडून दीपमाला हळूहळू बोलू लागली. त्यांनी फोन कानावरून काढला नाही.

नवस त्या बोलल्या होत्या. फेडत आली होती मात्र सून, एकेक रविवारी तोच प्रश्न ऐकून.