थाळी वाजली की पंप चालू

मी भोपळा बोलतोय. भाजीचा नव्हे, तांब्याचा. साताऱ्याच्या एका तांबटानं मला ठोकून पोकळ गोल केलं आणि १९७३ साली मी सांगलीतल्या एका पंपघरात आलो. गावाचं सांडपाणी तिथल्या विहिरीत जमायचं, मी त्यावर तरंगायचो. वास म्हणाल तर विचारू नका!

माझ्या डोक्यावरच्या उभ्या गजावर पंपाचं बटण ढकलणारे दोन लोखंडी गुटके होते, एक चालूचा, एक बंदचा. पाणी चढलं की मी पंप चालू करायचा, उतरलं की बंद. सोपं काम. पण किती चढल्यावर? इथंच माझं डोकं फिरायचं.

सकाळपाळीचा कृष्णात फौजेतून आलेला. तो चालूचा गुटका असा बसवी की थोडं पाणी आलं तरी पंप सुरू. मग दर पाच मिनिटांनी चालू-बंद, मोटार तापून लाल. दुपारी हरिबा येई. आधीची मोटार जळाली तेव्हा बोलणी त्यानंच खाल्लेली. तो गुटका सरकवून विहीर काठोकाठ भरू देई. दोघंही मनानं चांगले. मग चुकत कोण होतं? मला काही उमगेना.

एके दिवशी पाळी बदलताना खालच्या गल्लीतली अंबूबाई तणतणत आली.

“आवं, सकाळी मोरी कोरडी आन् दुपारी घाण उंबऱ्यात! सून बाळंतीण हाय, दहा दिसाचं लेकरू हाय घरात. तुमच्यात एक ठरंना व्हय?”

 मग कृष्णात म्हणाला, “तुमी मोरीपाशी बसा. पाणी वर याया लागलं की थाळी वाजवा.”

पंप बंद ठेवला. मी चढत गेलो. लांबून थाळी वाजली, तशी हरिबानं विहिरीच्या भिंतीवर पाण्यालगत गेरूची रेघ मारली. चालूची खूण तिच्या वीतभर खाली ठरली.

“आन् मोटार रं?” हरिबा कुरकुरला.

“बंदची खूण बी खाली ने गड्या. एकदा सुरू झाला की लय वेळ चालंल, मग लय वेळ गप पडंल. फकस्त हवा वडू नये, एवढं बघ.”

गुटके घट्ट आवळले. चार वर्षं ना मोटार तापली, ना मोरी तुंबली. मला वाटलं, सुटलो!

मग हरिबा निवृत्त झाला, कृष्णात शिरवळच्या कारखान्यात गेला. विहिरीत माझ्या जागी, पाणी टेकलं की पंप चालू करणाऱ्या दोन पितळी सळया आल्या, नव्यानं कामाला लागलेल्या मानसिंगनं भिंतीला चुना फासला आणि रेघ बुजली. सळया कुठल्या उंचीवर सोडल्या, कुणाला विचारून सोडल्या, मला ठाऊक नाही. मी खुंटीवर टांगलेला.

आज दुपारी खालच्या गल्लीत थाळी वाजली. आधी वाटलं, भास झाला. पुन्हा वाजली, जोरात. पंप मात्र गप्प.

मानसिंगनं मान वर केली. “कुणाकडं तरी बारसं हाय वाटतं,” म्हणाला आणि परत पेपरात शिरला.

थाळी वाजतेच आहे. अरे मानसिंग, अंबूबाईच्या नातवंडाचं बारसं केव्हाच झालं, ही थाळी मोरीची आहे. ऊठ बाबा, पंप चालू कर!