पहिला मरेल तो चुलीपाशी

आमच्या पत्त्यांच्या टेबलावर नियम थोडेच. खरा पत्ता नसेल तर झेरॉक्स काढून आणा, चालतं. कोणीही कोणावरही चालून जावं. तह करावा, मोडावा, मोडल्यावर शिव्या खाव्यात. आणि डावात जो पहिला मरेल त्याने उठून अंगणातल्या लोखंडी चुलीवर सगळ्यांसाठी लाल मिरच्या भाजाव्यात. सप्टेंबरात आमच्या सर्बियातल्या लेस्कोव्हात्स गावात घरोघरी मिरच्याच भाजत असतात. मेलेल्याने तेवढं तरी कामाला यावं.

हे जादूगार-ड्रॅगनचे पत्ते आम्ही चौघं कॉलेजपासून खेळतो. आपापली गड्डी ज्याची त्याने जमवलेली. स्पर्धाबिर्धांना कधी गेलो नाही. घड्याळ लावून, तोंड शिवून खेळायचं ते काम. आमच्याकडे खेळ कमी, भांडण जास्त. वुकाशिन सुतार आहे, ल्युबिशा शाळेत भूगोल शिकवतो, स्मिल्या औषधांच्या दुकानात असते. मी देसांका. अंगण माझं आहे.

वसंतात मला अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, पाय जरा ओढते. डोकं शाबूत आहे आणि जीभ तर आधीपेक्षा धारदार. वुकाशिनने मला खाच पाडलेली लाकडी पट्टी करून दिली, त्यात माझे पत्ते उभे राहतात. खेळायला काही म्हणून अडत नाही. पण तेव्हापासून मी डावात मरायचीच थांबले. आधी वाटलं, नशीब फळफळलं. मी बावळटच!

गेल्या रविवारी मी मुद्दाम ल्युबिशाशी तह केला आणि पुढच्याच पाळीला मोडून त्याची अर्धी फौज कापली. पूर्वी त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"वा देसा, छान चाल!" तो म्हणाला. बालवाडीतल्या पोराला म्हणतात तसं.

तळपायाची आग मस्तकात गेली.

मग वुकाशिनची पाळी आली. त्याच्याकडे भला थोरला ड्रॅगन, माझ्यासमोर रक्षणाला चिटपाखरू नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि ड्रॅगन वळवला स्मिल्याकडे. तिच्यापुढे दगडी भिंतींची रांग उभी होती.

"थांब," मी म्हटलं. "माझ्यापुढे कोण उभं आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"असतो एकेकाचा डावपेच."

"डावपेच? एकदा खेळायला आलेल्या सख्ख्या भावाला त्याच्या वाढदिवशी पहिल्या फटक्यात चुलीपाशी पाठवणारा तू, आज भिंतीवर डोकं आपटायला निघालास?"

"चिडू नकोस गं," ल्युबिशा म्हणाला. "तुझं ब्लडप्रेशर..."

"खड्ड्यात गेलं ब्लडप्रेशर!"

शेवटी स्मिल्यालाच राहवलं नाही. "अगं, तू मेलीस तर चुलीपाशी तुलाच जावं लागेल ना! एका हाताने काय भाजणार? तोल गेला तर? म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं..."

"ठरवलं. माझ्याच अंगणात, माझ्याच पाठीमागे!"

दवाखान्यात मला लोकांनी भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, मी हूं की चूं केलं नाही. एवढं एकच टेबल होतं जिथे मी आजारी नाही असं मला वाटायचं. आणि इथेही या तिघांनी मला खाटेवरच निजवलं होतं. दया करणारे मेले! त्यापेक्षा शत्रू परवडला.

"मार मला," मी वुकाशिनला म्हटलं.

"देसा, ऐक..."

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. मार, नाहीतर तिघंही गड्ड्या उचला आणि फाटकाबाहेर व्हा. पुन्हा येऊ नका."

त्याने बराच वेळ दाढी खाजवली. मग ड्रॅगन माझ्याकडे वळवला.

"तुझ्यावर," तो पुटपुटला.

माझ्या हातात अडवायला काही नव्हतं. मी मेले.

चुलीपाशी गेले. चिमट्याने मिरच्या उलटत होते, एकीकडची उलटेपर्यंत दुसरीकडची काळी पडायची. दोन राखेत पडल्या. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बस खाली, स्मिल्या! पाळी कोणाची आहे?"

"माझी," ती म्हणाली आणि बसली.

सालं काढताना देठ लुळ्या हाताच्या मनगटाखाली दाबून धरावं लागत होतं. बोटं पोळली. लसूण चिरता येईना, मुठीने ठेचला. रागाने ठेचला म्हणून बारीक तरी झाला. मग एका खेपेत पाव नेला, दुसऱ्या खेपेत ताट.

वुकाशिनने पहिला घास घेतला. तो चावत राहिला, आम्ही बघत राहिलो.

"कोळसा झालाय," तो म्हणाला. "अर्धी सालं तशीच. आणि मीठ कुठाय, माहेरी विसरलीस?"

स्मिल्याने त्याला टेबलाखालून लाथ हाणली. मला दिसली ती.

"त्याच्या अंगाला हात लावायचा नाही," मी तिला म्हटलं. एका हाताने पत्ते पिसता येत नाहीत, म्हणून माझी गड्डी टेबलावर पसरून पिठासारखी कालवायला घेतली. राग अजून तसाच होता. "पुढच्या डावात तो माझी शिकार आहे."