सून बसल्याशिवाय घास नाही

जगातली सगळ्यात जड वस्तू कोणती, हे मला विचारा. मी उभा जन्म लिफ्ट चालवली आहे. त्या लिफ्टमधून मी लोखंडी तिजोऱ्या नेल्या, पियानो नेला, एकदा तर सर्कशीतलं हत्तीचं पिल्लू वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि ते पिल्लू चष्मा लावून खाली आलं. ज्याला पटत नसेल त्यानं त्या डॉक्टरला विचारावं. तो वारला, हा काही माझा दोष नाही. पण ‘आज संध्याकाळी काय करायचं’ हा आमच्या घरातला प्रश्न जर कुणी त्या लिफ्टमध्ये ठेवला असता, तर दोर तटकन तुटले असते आणि मी हे सांगायला उरलो नसतो.

तो प्रश्न आमची सून रोज उचलायची. एकटी.

सून म्हणजे माझ्या भाच्याची बायको. माझी थोरली बहीण अक्का, तिचा मुलगा हा भाचा, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली, आणि लग्न करायचं राहून गेलेला मी, असे सगळे एका छताखाली राहतो. भाचा लोकांच्या घरातली विजेची कामं करतो. थोरली नात कॉलेजात जाते आणि आपण तोंड उघडायच्या आत हरकत घेते, म्हणून मी तिला वकिलीणबाई म्हणतो. धाकटी खाते तेवढं चिमणी तरी खात असेल की नाही शंका आहे, म्हणून ती चिमणी.

आता या मंडळींच्या जिभा बघा. भाच्याला कालची भाजी आज ताटात दिसली की कुणीतरी वारल्यासारखा चेहरा करतो. वकिलीणबाईंना बटाटा चालत नाही. चिमणीला बटाट्याशिवाय काही चालत नाही. अक्काला साखरेचा आजार, तिला संध्याकाळच्या गोळीमागोमाग भात, वाटीनं मोजून आणि तोही वेळेवर. राहिलो मी. मला काहीही चालतं, फक्त ते गरम असावं, मऊ असावं, झणझणीत असावं आणि पोटाला लागू नये.

सून शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. मशीनखालून कॉलर सरकायची आणि डोक्यात कोबी. कोबी परवा आणलाय, आज नाही केला तर पानं पिवळी पडतील. केला तर चिमणी उपाशी. त्यात बटाटा घालावा, तर वकिलीणबाई फोडी वेचून ताटाच्या कडेला रांगेत उभ्या करणार. म्हणजे बटाटा वेगळा परतायचा. म्हणजे दुसरी कढई. ती काल करपलीय, आधी घासायला हवी. मी तिला म्हणायचो, ‘‘तू म्हणे एका शर्टाला कॉलरच्या जागी कोबीचं पान शिवलंस, आणि दुकानात तोच शर्ट सगळ्यात आधी खपला.’’ ती हसायची. ‘‘मामा, थापा मारा,’’ म्हणायची, ‘‘पण मारता मारता तेवढ्या शेंगा सोला.’’

एक गोष्ट मात्र आमच्या घरात होती जी दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. अक्का सासरी होती तेव्हा तिनं सगळ्यांना वाढायचं आणि सगळे उठले की स्वयंपाकघरात उभ्यानं पातेलं खरवडून खायचं, अशी रीत होती. ती तिच्या मनात सलत राहिली. मुलाचं लग्न झालं, सून घरात आली, त्या पहिल्याच संध्याकाळी अक्कानं टेबलाशी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘‘या घरात सून बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. नवरा असो, पाहुणा असो, मी असो.’’

आणि कुणी घेतला नाही. एकदा भाच्याला कामं देणारा ठेकेदार जेवायला आला होता. त्यानं घास तोंडाशी नेला, अक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या बिचाऱ्यानं तो घास परत ताटात ठेवून वर भातानं झाकून टाकला. सुनेला या नियमाचा भारी अभिमान. कारखान्यातल्या बायकांना सांगायची आणि त्या बायका म्हणायच्या, तुझी सासू भाड्यानं मिळेल का.

मग कारखान्यातल्या मॅनेजरबाईंनी तिला बोलावून विचारलं, संध्याकाळच्या पाळीवर देखरेखीला बसशील का? आठवडाभर करून बघ, जमलं तर जागा तुझी. सुनेनं हे सगळ्यांत आधी मला सांगितलं, ओट्याशी वाटाणे सोलताना.

‘‘पगार वाढेल,’’ मी म्हणालो.

‘‘ते वाढेल तेव्हा वाढेल. मामा, तिथे संध्याकाळी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. वरून कागद येतो. एवढे निळे, एवढे पांढरे. मी फक्त बघायचं. आणि निळा समोर आला की कुणी नाक मुरडत नाही.’’

‘‘आणि मुरडलं तर?’’

‘‘तर त्याला पांढरा परतून देत नाहीत,’’ ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला. तिला ती जागा हवी होती. एखाद्याला तहान लागावी तशी हवी होती.

जेवताना तिनं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना आनंदच झाला. भाचा म्हणाला, ‘‘घे की. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?’’ अक्का म्हणाली, ‘‘घे गं बाई. एवढी वर्षं मशीनवर वाकलीस, आता जरा खुर्चीत बस.’’ 

पहिल्या दिवशी ती दुपारी निघण्याआधी सगळं रांधून, झाकून गेली. पाळी संपवून परत आली तर टेबलावर ताटं मांडलेली, भांड्यांवर झाकणं तशीच, आणि आम्ही पाचही जण भोवती हात बांधून.

‘‘जेवला नाहीत अजून?’’

‘‘तुझ्याशिवाय?’’ भाच्यानं असं विचारलं, जणू तीच काहीतरी भलतं बोलली.

मग तिनं एकेक भांडं परत गरम केलं, वाढलं आणि शेवटी बसली. ती बसल्यावर आम्ही पहिला घास घेतला. अक्काच्या चेहऱ्यावर समाधान मावेना.

दुसऱ्या दिवशी ती निघताना दारात वळून म्हणाली, ‘‘आज खरंच जेवून घ्या. मी आल्यावर माझं मी घेईन.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पण वेळ झाली तेव्हा अक्कानं हात मांडीवरून उचलला नाही. अक्का जेवत नाही तर भाचा कसा जेवणार? बाप जेवत नाही तर पोरी कशा?

‘‘अक्का, तिनंच सांगितलंय ना,’’ मी म्हणालो.

‘‘ती सांगणारच. ती तिकडे उभी राबतेय आणि आपण इकडे हाणायचं? तिनं सांगावं आणि आपण ऐकू नये, यातच तिचा मान आहे.’’

‘‘आजी, हे तर्काला धरून नाही,’’ वकिलीणबाई म्हणाल्या.

‘‘तर्क तू खा. आम्ही भात खाऊ, तुझी आई आली की.’’

मग मी सगळ्यांची भूक मारायला गोष्ट सांगितली. एकदा आमची लिफ्ट मधेच अडकली, दुरुस्तीवाला येईपर्यंत आतल्या दोघांचं जमलं, आणि दार उघडलं तेव्हा ते भांडून वेगळेही झाले होते. चिमणी हसली. सून आली, तिनं बंद भांडी पाहिली आणि गॅस पेटवला. त्या दिवशी भाजी खाली लागली.

तिसऱ्या दिवशी तिनं डोकं चालवलं. ‘‘आज मी काहीच करून ठेवत नाही,’’ म्हणाली. ‘‘तुम्हीच करा आणि तुम्हीच जेवा. माझ्या हातचं काही नाही, तर माझ्यासाठी थांबायचंही काही कारण नाही.’’ म्हटलं तर बिनतोड होतं. पण आमच्या घरच्या मायेला तिनं कमी लेखलं.

ती गेल्यावर आमच्या अंगात उत्साह संचारला. वकिलीणबाईंनी ठराव मांडला, ‘‘आज आईच्या आवडीचं करायचं.’’

‘‘वांगं,’’ भाचा लगेच म्हणाला.

‘‘बाबा, वांगं तुम्हाला आवडतं. ती तुमच्यासाठी करते.’’

‘‘बटाटा,’’ चिमणी म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

‘‘तिला सगळंच आवडतं,’’ अक्का म्हणाली. ‘‘जे असेल ते खाते बिचारी.’’

‘‘जे उरेल ते,’’ वकिलीणबाई म्हणाल्या.

फोन करून विचारावं, तर पाळीवर फोन कपाटात ठेवावे लागतात. तेव्हा असं ठरलं, की घरात जे जे आहे ते सगळं चिरून ठेवायचं. ती आली की विचारायचं, ती म्हणेल ते कढईत टाकायचं, म्हणजे अर्ध्या क्षणात तयार. बसलो चिरायला. कोबी, गाजर, वांगी, घेवडा, कांदे, भोपळा. ढीग एवढा झाला की पलीकडे बसलेली चिमणी मला दिसेना, नुसती तिची वेणी दिसे. भाच्यानं पक्कड धरायच्या हातांनी टोमॅटो कापले, त्यांचा रस्साच झाला. मग आम्ही सुऱ्या धुतल्या आणि वाट बघत बसलो.

बसल्या बसल्या मी हत्तीच्या पिल्लाची गोष्ट काढली. अक्का दरवेळी मधेच मला पकडते, चष्म्याच्या काड्या कानांना पुरल्या कशा म्हणून. त्या संध्याकाळी तिनं पकडलं नाही. भिंतीला टेकून बसली होती, आम्हाला वाटलं, ऐकतेय.

सून आली. तिनं ढिगाकडे पाहिलंच नाही. चपलांसकट सरळ अक्काकडे गेली आणि तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ ओलंचिंब, हात बर्फासारखे, आणि अक्का काहीतरी बोलत होती ते शब्द एकमेकांत अडकत होते.

‘‘साखर उतरलीय यांची. साखर आणा.’’

भाचा धावला. त्यानं एक डबा उघडला, त्यात मीठ. दुसरा उघडला, त्यात तांदूळ. तिसऱ्यात चहा. ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, त्या घरात साखर कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. सुनेनं त्याला कोपरानं बाजूला सारलं, मागचा डबा काढला आणि चिमूट चिमूट साखर अक्काच्या गालात भरत राहिली. बऱ्याच वेळानं अक्काचे डोळे नीट उघडले.

‘‘आलीस?’’ ती म्हणाली. ‘‘चला, मग वाढा आता.’’

सुनेला कुणी बोल लावला नाही. एक अक्षर नाही. लावला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं.

वकिलीणबाईंचा आवाज रडका झाला होता. ‘‘आई, तुला काय आवडतं ते सांग ना. सगळं चिरून ठेवलंय.’’

सुनेनं तेव्हा कुठे तो ढीग पाहिला.

‘‘आयतं,’’ ती म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. मग चपला काढल्या, हात धुतले आणि कढई चढवली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दुपारी गेली. संध्याकाळ व्हायला लागली तसं अक्कानं आम्हा सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. भाच्यानं अंडी उकडली होती, पाव आणला होता.

‘‘नियम मी केला, मीच मोडते,’’ अक्का म्हणाली. ‘‘तिच्या खुर्चीच्या आड माझं पोट यायला नको. आजपासून वेळ झाली की जेवायचं.’’ आणि तिनं पावाचा तुकडा तोंडात घातला. कडू औषध गिळावं तसा गिळला. मग आम्हीही हात घातले.

अजून बाहेर उजेड होता. दार वाजलं आणि सून आत आली, हातात भाजीची पिशवी.

‘‘लवकर सोडलं?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘सोडलं नाही, मीच सोडली. जागा. पुन्हा कॉलरवर बसले.’’

‘‘कुणाला विचारून?’’ अक्का म्हणाली.

‘‘कुणाला विचारायचं होतं? काल तुमचा हात केवढा गार लागला मला.’’

मग तिला ताटं दिसली. अर्धी खाल्लेली अंडी, पावाचे तुकडे, चिमणीचं भरलेलं तोंड. तिनं पिशवी हळूच ओट्यावर ठेवली.

‘‘अगं, तुझ्यासाठीच मोडला नियम,’’ अक्का म्हणाली. ‘‘उद्या जा आणि परत माग.’’

‘‘बसलीसुद्धा दुसरी तिथे. बटणं लावायची ती. चांगली आहे. जेवा तुम्ही, मी आणखी काहीतरी टाकते.’’

अक्कानं पुढे तो नियम पुन्हा लावायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण डॉक्टरनं तिला वेळेची सक्ती केली, आणि सूनच घड्याळाकडे बघून तिच्यापुढे ताट ठेवते. बाकीच्यांना कढईतून थेट ताटात पडणाऱ्या गरम गरम घासाची गोडी लागली. आता सून गॅसपाशी उभी असते, एकेकाचं करून वाढते, एकेक जण जेवून उठतो. सगळे उठले की ती पातेलं पुढे ओढते. अक्काला तिच्या पलंगावरून ते दिसतं. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करते.

मी तेवढा टेबलाशी मागे रेंगाळतो. माझ्या तोंडात दात नाहीत, त्यामुळे मला जेवायला कितीही वेळ लागला तरी कुणाला संशय येत नाही. ताट कधीच संपलेलं असतं, मी उगाच जबडा हलवत बसतो. शेजारची खुर्ची ओढून म्हणतो, ‘‘बस ना गं जरा.’’

‘‘बसते, मामा,’’ ती म्हणते, आणि त्या खुर्चीवर पातेल्याचं झाकण ठेवून उभ्यानंच जेवते.