मुंग्या धुतलेली ऑर्किडं

आयव्हलीने पक्कड लावून तार तोडली आणि आंब्याच्या बुंध्याला बांधलेलं ऑर्किड खाली ओढलं. समुद्रावरून टोपल्या टोपल्या वाहून आणलेली पांढरी वाळू तिने कालच अंगणभर पसरली होती. नाताळच्या सकाळपर्यंत त्या वाळूवर पाय ठेवायचा नाही, हे केमन ब्रॅक बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तिचा सख्खा भाऊ त्यातून गमबूट घालून हिंडला होता.

बर्नेल पायरीवर बसला होता. गुडघ्यावर कागद, खिशात पेन. कड्यावरचं वडिलोपार्जित रान बंगल्यांसाठी विकायला दोघांच्या सह्या लागत होत्या; त्याची झाली होती. आयव्हली वर्षभर एकच विचारत होती, तिथल्या झाडांवरच्या ऑर्किडांचं काय? तर आज ती चर्चला गेल्याचं बघून या पठ्ठ्याने सतरा ऑर्किडं उपटून आणली आणि तिच्या अंगणात बांधून टाकली. आता सहीचं कुठे अडलं, असा त्याचा चेहरा.

तिने ऑर्किडाचा पानांखालचा केळ्याएवढा कांदा बोटाने ठोठावला. हे कांदे आतून पोकळ. रानात नुसता धक्का लागला तरी बुडाच्या भोकातून मुंग्यांची फौज निघते आणि हात सुजवून सोडते. पानं कुरतडायला येणाऱ्या किड्याची मग काय बिशाद! इथे एक मुंगी बाहेर आली नाही.

"मुंग्या कुठायत?"

"गरम पाण्याने धुऊन काढल्या," बर्नेल कौतुकाने म्हणाला. "तुला चावायला नकोत, ताई."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. घर लुटलं ते लुटलं, वर झाडून दिलं म्हणून सांगतोय मेला.

सतराही ऑर्किडं तिने सोडवली आणि त्याच्या गाडीत नेऊन ठेवली. पुढच्या सीटवरही ठेवली. मग त्याच्यासमोर उभी राहिली.

"जे ज्या झाडावरून ओढलंस, ते त्याच झाडाला बांधून ये. जगतील की नाही, देव जाणे. बाकीच्या मुंग्या आहेत तिथे अजून."

"आणि सही?"

"सतरा बांधून झाल्यावर पेन धरता आलं, तर ये."

बर्नेल पाय आपटत गाडीकडे गेला आणि रानात वापरलेल्या हातमोज्यांसाठी सीटखाली चाचपू लागला. ते आयव्हलीच्या एप्रनच्या खिशात होते.