रंगाऱ्याच्या जिभेवरचा पांढरा डाग

मी जीभ बोलतेय, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरची. आजवर त्याचंच बोलत आले. आज माझं ऐका.

जन्मले तेव्हा छान गुलाबी होते. मग हा कामाला लागला आणि ब्रश ओठांतून ओढून टोक काढायची खोड जडली. काम शिकवणारे उस्ताद सांगायचे, "पाण्यानं टोक येत नाही, थुंकीनं येतं." झालं! सोमवारी मी निळी, मंगळवारी हिरवी. मेव्हणी एकदा घाबरली, तर बायको म्हणाली, "अगं, कापड दुकानाची पाटी आहे ती."

तापात मी पांढरी पडले, रक्तवाढीच्या गोळ्यांनी काळी झाले, पाणी कमी पडलं तेव्हा खरखरीत झाले. इतके निरोप धाडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. हा मला खरडायचा आणि वर सिगारेट ओढायचा.

पुढे माझ्या डाव्या कडेला नखाएवढा पांढरा डाग उठला. दुखत नव्हता, तेच वाईट झालं. आरशात बघून हा म्हणाला, "दवाखान्याच्या पाटीचा पांढरा राहिलाय." दवाखान्याची पाटी रंगवून आला, पण आत काही गेला नाही. असे दोन महिने गेले. मी वैतागून दातांवर घासत राहिले.

शेवटी मनगट मुरगळलं म्हणून दहा दिवस घरी बसला. निळा गेला, हिरवा गेला, पांढरा तिथंच. बायकोनं जेवताना पाहिलं.

"आ करा बघू. दहा दिवस ब्रश धरला नाहीत, मग हा कुठल्या दुकानाचा रंग?"

दुसऱ्याच दिवशी बायकोनं याला त्याच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कापसानं पुसून पाहिलं. "हा रंग नाही. दोन आठवड्यांत गेला नाही तेव्हाच यायचं होतं. याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते. सिगारेट आजपासून बंद."

आता माझ्या कडेला एक टाका आहे आणि रिपोर्ट गुरुवारी येणार आहे. मला भीती वाटते. तुम्ही तरी दात घासताना मला बाहेर काढून नीट बघत जा.

आज हा कामावर आलाय. सवयीनं ब्रश ओठांपर्यंत आला आणि थांबला. मग यानं तो शेजारच्या पाण्याच्या वाटीत बुडवला. रेघ जाड आली. आयुष्यात जाड रेघ न ठेवणाऱ्या या माणसानं ती पुसली नाही.